देखभाल पथक क्रमांक एक

म्हैस दारात अडकली तेव्हा सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. माझ्या दैनंदिनीत तशी नोंद आहे. ती कुणाची होती, तिथं का आली होती आणि मुळात डोंगराच्या धारेवर, जिथं घर नाही की कुंपण नाही, तिथं दार कशासाठी होतं, हे मात्र दैनंदिनीत नाही. तिच्यात कारणांसाठी रकाना नव्हता.

दार मीच बसवून घेतलं होतं. लोखंडी, चार आडव्या हातांचं, गोल फिरणारं; दोन्ही बाजूंना कडा, त्यामुळे वळसा घालायला जागा नाही. माणसानं पोट आत घेऊन ढकललं की माणूस पलीकडे जायचा, जनावर जायचं नाही. निदान कंत्राटदारानं तसं लिहून दिलं होतं. म्हशीनं ते वाचलेलं नसल्यामुळे तिनं मान घातली, शिंगं पलीकडे काढली, आणि मग तिला पुढेही जाता येईना, मागेही. ती ओरडली नाही, धडपडली नाही. सरकारी कामात वेळ लागतो हे ठाऊक असल्यासारखी उभी राहिली आणि रवंथ करू लागली.

तिची मालकीण बाजूच्या धोंड्यावर टेकली. साठीची, काटक बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तिच्या मागे आणखी आठ म्हशी रांगेत थांबल्या होत्या आणि रांग मोडण्याचा विचार एकीच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हता.

"मोगरी, हालू नगं," बाई म्हणाली. मोगरी म्हणजे दारातली. काळी कुळकुळीत होती.

आमचा वनरक्षक सुभान मुजावर पाना घेऊन दाराच्या बोल्टाशी झटत होता. तो त्याच भागातला, कासारी गावचा. दर दोन मिनिटांनी तो म्हशीची माफी मागत होता. मी वही उघडून उभा होतो. त्या वयात काय करावं हे सुचलं नाही की मी वही उघडत असे.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारनं तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यानं सहाशे किलोमीटरचा एक पदमार्ग करायचं मनावर घेतलं होतं. सह्यधार पदमार्ग. पाठीवर पिशवी घेऊन लोकांनी महिनाभर चालावं, डोंगर बघावेत आणि शहाणं होऊन घरी जावं अशी कल्पना. आमचे उपसंचालक देवस्थळी साहेब परदेशात पंधरा दिवस राहून तिकडचा असाच एक मार्ग बघून आले होते. येताना त्यांनी एक जाडजूड नियमावली आणली होती. तिचं मराठी करण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी चुका न करता केलं म्हणून पदमार्गाचा वापर अधिकारी हे पदही माझ्याकडेच आलं. वाटेचा वापर कुणी कशासाठी करायचा आणि कुणी कशासाठी नाही, हे बघणारा माणूस. जगात असं पद असतं हे मला नेमणुकीचं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं.

नियमावलीचं चौथं प्रकरण होतं 'अनुज्ञेय वापर'. त्यात चालणं होतं, धावणं होतं, पक्षी बघणं होतं. परवानगी काढून घोडा होता, खेचर होतं आणि लामा होता. हिवाळ्यात बर्फावरून पट्ट्यांनी घसरत जाणंही होतं. या शेवटच्या कलमावर समितीच्या दोन बैठका झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यात बर्फ पडत नाही हे सर्वांना मान्य होतं, पण कधीच पडणार नाही असं लेखी कोण देणार, या मुद्द्यावर ते कलम राहिलं. प्रकरणाच्या शेवटी एक ओळ होती: वर उल्लेख नसलेला कोणताही वापर निषिद्ध समजावा. तिच्यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांना चहा आला होता.

हे सगळं वाघजाईच्या खिंडीत दाराशेजारी फलकावर रंगवलेलं होतं. बाईला वाचता येत नव्हतं. तिनं मुजावरला वाचायला लावलं. त्यानं पाना खाली ठेवून सगळं खणखणीत आवाजात वाचलं, बर्फाच्या कलमावर जरा दमला, पण थांबला नाही.

"लामा म्हंजी काय?" बाईनं मला विचारलं.

मी सांगितलं. उंटाच्या जातीचं जनावर, लांब मान, अंगावर लोकर, माल वाहतं.

"त्ये कुणाकडं हाय हितं?"

"इथं नाही कुणाकडे."

"पर आलं तर चालंल."

"परवानगी काढून."

तिनं मोगरीकडे पाहिलं. मोगरीनं तिच्याकडे पाहिलं. "आन म्हस?"

"म्हशीचा उल्लेख नाही."

"मी जलमल्यापास्नं हितनं म्हशी जात्यात, सायेब. उल्लेक करायला तुमाला कुणी दिसलं न्हाय व्हय?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. माणसं दूरदूरहून चालायला येणार. त्यांना वाटेवर शेण नको, चिखल नको, शिंगं नकोत. देवस्थळी साहेबांच्या शब्दांत सांगायचं तर त्यांना निसर्ग हवा. बाईनं सगळं ऐकून घेतलं. नंतर काठीचं टोक जमिनीवर टेकवलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "सायेब, आमी न्हाय गेलो तर ही वाट ऱ्हायची न्हाय."

मी वहीत लिहिलं: 'सदर महिला ठमाबाई आखाडे, राहणार धनगरवाडा, यांनी पदमार्ग नष्ट करण्याची धमकी दिली. हातात काठी.' शेवटचे दोन शब्द वजनासाठी घातले.

मुजावर खांद्यावरून वाचत होता. "साहेब, धमकी म्हंजी..." तो म्हणाला.

"काय?"

"न्हाय. ऱ्हाऊ द्या." वीस वर्षांच्या नोकरीनं त्याला कुठं थांबायचं हे शिकवलं होतं.

मोगरी साडेनऊला सुटली. तिला मागे वळवून ठमाबाई कळप घेऊन आली तशी परत गेली. जाताना दाराला हात लावला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला ते संशयास्पद वाटलं.

उतरताना मुजावरनं आपण होऊन सांगितलं. धनगरवाड्यात आता तिचं एकच घर उरलेलं. तिथं पाणी फेब्रुवारीत आटतं, आणि चराई म्हणावी तर भोवती सगळं बंदिस्त जंगल. धारेच्या पलीकडे, दीड कोसावर, पाचकोंडीचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. तिथं बारा महिने पाणी आणि हवं तेवढं गवत. सकाळी म्हशी तिकडे जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. आता दार झाल्यावर तिला खाली कासारीत उतरून दुसऱ्या बाजूनं सडा चढावा लागणार. जाऊन येऊन सात कोस. म्हैस एवढी चालली की दूध आटतं.

"मग काय करेल ती?" मी विचारलं.

"काय करंल. लेक हाय इचलकरंजीला, लूमवर. एका खोलीत ऱ्हातोय. ये म्हणतोय. म्हशी इकंल आन जाईल. दिवाळीच्या पुढं काय निघत न्हाय बगा ती."

म्हातारपणी मुलाजवळ राहणं काही वाईट नाही, असं मी म्हणालो.

"वाईट कशापाय? लेक गुणाचा हाय," मुजावर म्हणाला. "फकस्त तितं म्हस न्हाय, डोंगर न्हाय, आन म्हातारीला दुसरं काय येत न्हाय."

पावसाळा मी कार्यालयात काढला. पदमार्गाचं उद्घाटन दिवाळीनंतर ठरलं होतं. दोनशे माणसं पहिल्या दिवशी वाघजाईच्या खिंडीतून निघून पाचकोंडीच्या सड्यावर जेवणार होती. त्याआधी देवस्थळी साहेबांनी तो टप्पा स्वतः चालून बघायचं ठरवलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं खिंडीत पोचलो: साहेब, मी आणि मुजावर. साहेबांच्या डोक्यावर परदेशातून आणलेली टोपी होती, गळ्यात होकायंत्र होतं, आणि ते खरोखर आनंदात होते. माणूस मनानं चांगला होता. त्यांना डोंगर आवडत. ते डोंगरात फारसे गेलेले नव्हते, एवढंच.

दारातून जाताना साहेब थोडा वेळ मोगरीच्या जागी होते. मग मुजावरनं मागून हलकेच ढकललं.

पहिली दोनशे पावलं वाट होती. नंतर ती अरुंद झाली, नंतर वाटेसारखी वाटली, आणि नंतर आम्ही तिघं कारवीच्या रानात उभे होतो. कारवी डोक्याच्या वर हातभर. पायाखाली तेरडा, गवत आणि ओल्या पानांचा गाळ. दर शंभर मीटरला एक, असे मी जातीनं मोजून पुरलेले लाकडी खांब कुठं दिसेनात. एक सापडला, तो वाळवीनं आतून इतका नीट खाल्ला होता की मुजावरनं हात लावल्यावर नमस्कार केल्यासारखा वाकला. दगडांवरचे पिवळे बाण शेवाळाखाली गेले होते. आणि इतकं पुरेसं नव्हतं म्हणून दरीतून धुकं वर आलं.

"हळबे," देवस्थळी साहेब म्हणाले, "वाट कुठे आहे?"

"नकाशात आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं असावं. धुक्यात मला फक्त टोपी दिसत होती.

अर्धा तास आम्ही कारवी बाजूला सारत चाललो. एकदा मुजावरनं हात आडवा करून आम्हाला थांबवलं, एक धोंडा उचलला आणि पुढे टाकला. आम्ही कान दिले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग खूप खालून ठक्क असा लहानसा आवाज आला. त्यानंतर साहेब खाली बसले. मीही बसलो. एकमेकांना न सांगता आम्ही दोघांनी जवळचं एकेक झुडूप धरलं.

बसल्यावर साहेबांना आठवलं. त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती, विशेषतः कागदांच्या बाबतीत.

"ती बाई. काठीवाली. वाट नष्ट करीन म्हणाली होती, तुमच्याच नोंदीत आहे. करून दाखवलं तिनं. उद्याच्या उद्या गुन्हा दाखल करा, सरकारी मालमत्तेचं नुकसान. खांब, बाण, मार्ग, सगळं. पुरावा म्हणून तुमची दैनंदिनी जोडा."

मी 'हो साहेब' म्हणालो. हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही म्हणून सांगतो. मला तेव्हाच शंका आली होती की एवढी कारवी एका बाईनं चार महिन्यांत लावली असणं कठीण आहे. तरीही 'हो साहेब' म्हणालो.

 मुजावर उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि लांबलचक हाक घातली. तिच्यात शब्द नव्हते. थांबून पुन्हा घातली. तिसऱ्या हाकेला पलीकडून, सड्याच्या बाजूनं, तशीच बारीक हाक परत आली.

मग वीसेक मिनिटं काही नाही. मग घंटेचा आवाज, एका लयीतला, घाई नसलेला. कारवी हलली, मोडली, आणि तिच्यातून मोगरीचं तोंड बाहेर आलं. मागून ठमाबाई.

"मुजावर, तूच काय," ती म्हणाली. मग आम्हाला पाहिलं. "आन सायेबबी हायत. सड्यावर व्हते, हाक आली. फुडं जाऊ नगासा, तितं काय न्हाय."

"कळलं आम्हाला," देवस्थळी साहेब झुडूप न सोडता म्हणाले.

तिनं मोगरीला जागच्या जागी वळवलं. त्या अरुंद धारेवर ते जनावर ज्या सफाईनं वळलं तसं माझी सरकारी जीप मैदानात कधी वळली नव्हती. पुढे मोगरी, तिच्यामागे साहेब, मग मी, मग मुजावर अशी आमची रांग ठमाबाईनं लावली आणि स्वतः बाजूनं चालली. निसरड्या कड्यापाशी साहेबांचे पाय थांबले.

"शेपूट धरा," ठमाबाई म्हणाली. "वडू नगा. नुसतं धरा. ती थांबली की थांबा, चालली की चाला."

गाईचं शेपूट धरून वैतरणी पार करतात हे सर्वांना माहीत आहे. म्हशीचं शेपूट धरून राज्य शासनाचा पदमार्ग पार करणारे देवस्थळी साहेब माझ्या माहितीत पहिले. त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली होती. बहुधा आदरानं.

तासाभरानं कारवी संपली, धुकं मागे राहिलं आणि आम्ही सड्यावर आलो. ऊन होतं. सोनकीची पिवळी फुलं नजर पोचेल तिथवर, मधे जांभ्याच्या खळग्यांत स्वच्छ पाणी, आणि पाण्यात म्हशी. मी मोजल्या. मोगरी धरून सात.

"नऊ होत्या ना?" मी विचारलं.

"दोन दिल्या," ठमाबाई म्हणाली, आणि दूध काढायला बसली.

तिनं आम्हाला पानांच्या द्रोणांत धारोष्ण दूध दिलं. साहेबांनी दोन द्रोण घेतले. मिशीला फेस तसाच ठेवून ते कठोर झाले.

"बाई, तुम्ही वाट का मोडलीत?"

तिला आधी कळलंच नाही. मुजावरनं समजावून सांगितलं, की तुम्ही धमकी दिल्याचं कागदावर आहे, आणि आता गुन्हा होणार आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मोगरी दारात अडकली होती तेव्हा तिच्याकडे जसं पाहिलं होतं, तसं पाहिलं.

"म्या काय बी केलं न्हाय, सायेब," ती म्हणाली. "त्येच तर झालं."

साहेबांनी द्रोण खाली ठेवला.

"पावसाळ्यात कारवी रोज वर येत्या. म्हशी सकाळच्याला जात्यात, सांजच्याला येत्यात. कोंब खुराखाली मोडतो. एक दीस गेलं न्हाय तर दुसऱ्या दिशी निबर हुतो. माझ्या म्हशी, माझ्या सासूच्या म्हशी, तिच्या सासूच्या म्हशी. ह्यो डोंगर कुणाला वाट देत न्हाय, रोज मागून घ्यावी लागत्या. तुमी चार म्हैनं दार लावलं. त्यानं घेतली परत. म्या सांगितलं व्हतं ह्यांना."

'ह्यांना' म्हणजे मला. पाण्यातली एक म्हैस फुरफुरली. मुजावर लांब कुठंतरी बघत होता. मला वाटलं होतं की माझी नोकरी चुका न करण्याची आहे. एक चूक कबूल करायला किती श्वास लागतो याचा मला अंदाज नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "ती धमकी नव्हती. माहिती होती. माझी नोंद चुकीची आहे."

देवस्थळी साहेबांनी मिशी पुसली. "हातात काठी, असंही लिहिलंय तुम्ही."

"काठी होती, साहेब. पण ती गुराख्याकडे असतेच."

त्यांनी बराच वेळ पाण्यातल्या म्हशींकडे पाहिलं. नंतर एकदम हसले. गुडघ्यावर हात मारून, डोळ्यांत पाणी येईतो. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. अनुज्ञेय वापरांची यादी छापून गेली होती. तीत म्हैस घालायची तर समिती बसवावी लागणार, आणि समिती बसली की दोन वर्षं उठत नाही. तोवर ठमाबाई इचलकरंजीला आणि आमचा पदमार्ग कारवीत. साहेब हे सगळं मोठ्यानं बोलत होते. ठमाबाई ऐकत होती, आणि काठीनं पायाशी उगवलेला एक तेरडा उगाच मोडत होती.

नियमावलीचं मराठी मी केलेलं असल्यामुळे ती मला पाठ होती. बहुधा जगात मला एकट्यालाच.

"साहेब, प्रकरण नऊ," मी म्हणालो. "मार्गाच्या देखभालीसाठी लागणारी यंत्रं आणि पथकं यांना प्रकरण चारचे निर्बंध लागू नाहीत. त्यांनी कधीही जावं. उलट ती गेली नाहीत तर आपण जबाब द्यायचा."

साहेबांचा चेहरा उजळला. "नमुना असेल ना त्याचा?"

नमुना होता. तो मी दुसऱ्या दिवशी धनगरवाड्यात, ठमाबाईच्या ओट्यावर बसून भरला. देखभाल पथक क्रमांक एक. पथकप्रमुख: ठमाबाई आखाडे. यंत्राचं नाव: मोगरी व इतर सहा. काम: रोपं निघताच दाबणे, दिवसातून दोन वेळा. इंधन: गवत. आवाज: क्वचित. 'यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण कोठे घेतले' या रकान्यात ठमाबाईनं 'सासू' लिहायला सांगितलं, मी लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली, म्हणजे वाचून केली.

यंत्राला ओळखीची खूण हवी असाही नियम होता. मी पितळेचा एक बिल्ला करून आणला, त्यावर विभागाचं नाव आणि एक हा आकडा. ठमाबाईनं तो मोगरीच्या गळ्यात घंटेशेजारी बांधला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. "शोभतो," ती म्हणाली. मग विचारलं, "म्हंजी आता मी हितंच ऱ्हायचं?"

"राहावं लागेल," मी म्हणालो. "नेमणूक आहे."

तिनं तोंड फिरवून चुलीत एक लाकूड सारलं. ते आधीच जळत होतं.

दाराचे चारही हात मुजावरनं कापून काढले. उद्घाटनाला दोनशे माणसं त्या वाटेनं गेली. वाटेत शेण होतं, आणि कुणी काही बोललं नाही. एकानं फोटो काढला.

पुढे माझी कोल्हापूरला बदली झाली, बढत्या झाल्या. नऊ वर्षांनी एका दुपारी शिपाई सांगत आला की एक म्हातारी बाई आल्या आहेत, काम सांगत नाहीत, साहेबांनाच भेटायचं म्हणतात. ठमाबाई दोन एसट्या बदलून आल्या होत्या. खुर्ची नको म्हणाल्या, मग बसल्या. पदराची गाठ सोडली आणि बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. घासून लखलखीत केलेला.

"मोगरी गेली," त्या म्हणाल्या. "सरकारची वस्तू. म्हटलं, द्यावी परत."

मला काय बोलावं सुचेना, आणि या वेळी मी वही उघडली नाही. म्हणालो की बिल्ला परत कशाला, दुसऱ्या म्हशीच्या गळ्यात घाला, मी कागदात नाव बदलतो.

"हाय की. तिचीच पारडी हाय, जाई. तीन वर्साची. सड्यापातूर जात्या, पर धुक्यात चुकत्या अजून. वाट आल्याबिगर बिल्ला कसा घालू गळ्यात?" त्या म्हणाल्या. "तवर तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तवर म्या हाय म्होरं."

मी तेवीस वर्षं सरकारात होतो. तिथं बिल्ला आधी मिळतो, वाट नंतर, आणि नंतर नाही मिळाली तरी कुणी विचारत नाही. काम येईपर्यंत बिल्ला नको म्हणणारं त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला आठवत नाही. मी बिल्ला खणात ठेवला, आणि रोज सकाळी खण उघडला की तो माझ्याकडे बघायचा.

दोन वर्षांनी मुजावरचं पत्र आलं. तो निवृत्त होऊन कासारीत होता. 'पारडी तयार आहे. बाई म्हणतात, साहेबांनी स्वतः येऊन परीक्षा घ्यावी.'

गुडघ्यांचा सल्ला न घेता मी गेलो. खिंडीत दाराचे दोन खांब तेवढे उभे होते, अंग घासून घासून म्हशींनी त्यांना काळी चकाकी आणली होती. फलकावरचं सगळं उडालं होतं. फक्त बर्फाचं कलम अजून वाचता येत होतं. वाट मात्र होती: हातभर रुंद, दोन्हीकडे कारवीची भिंत, आणि मधे स्वच्छ तुडवलेली तांबडी माती. ठमाबाई थकल्या होत्या, पण काठी तीच होती. जाई आईसारखीच काळी. धुकं होतं.

"शेपूट धरा," ठमाबाई म्हणाल्या.

मी धरलं.

"आन डोळं मिटा. धुकं आज कमी हाय."

मी डोळे मिटले. उजव्या हाताला दरी आहे हे मला नकाशावरून माहीत होतं. जाई थांबली तिथं थांबलो, वळली तिथं वळलो. एके ठिकाणी ती फार वेळ उभी राहिली. खालून गार वारा लागत होता, आणि मला तो धोंड्याचा ठक्क आवाज आठवला. मी शेपूट ओढलं नाही. मग ती चालू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. गवत पोटऱ्यांना लागलं आणि पापण्यांवर ऊन आलं, तेव्हा डोळे उघडले. समोर सडा पिवळा झालेला होता.

मागून ठमाबाई आल्या. "काय, सायेब?"

"पास झाली," मी म्हणालो आणि बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जाईच्या गळ्यात बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली.

"तिचं मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमाला आली का वाट?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. एक वळण आठवत होतं, दुसरं नक्की नव्हतं.

"नाही अजून," मी म्हणालो.

"मंग सांजच्याला धरा शेपूट पुन्यांदा," ठमाबाई म्हणाल्या, आणि द्रोणासाठी पानं खुडायला वळल्या.